चौथा बोल्ट

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही चर्चच्या व्हरांड्यात पाऊस ओसरण्याची वाट पाहत उभे होतो. गर्दी पांगली तेव्हा एक तरुण हळूच जवळ आला. मूळचा नगर जिल्ह्यातील, आयटीआय झालेला, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागलेला. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आमच्याच बसमधून तो आला होता, एवढीच काय ती ओळख. त्याने खिशातून रुमालाची घडी काढली व उलगडून दाखविली. आत एक बोल्ट होता.

"काका, तुम्ही कंपनीत होता ना? मग एक सांगा. तीन बोल्ट पुरेसे असतात का?"

त्याची हकिकत अशी. त्याच्या जागेवर प्रत्येक गाडीला एक ब्रॅकेट चार बोल्टांनी बसवावयाचा असतो. वरून लोंबणारी विजेवरची गन बोल्टवर टेकवायची आणि खटका दाबायचा. ठरलेला टॉर्क आला की गन आपोआप थांबते व समोर हिरवा दिवा लागतो. चार वेळा हिरवा दिवा लागला म्हणजे गाडी पुढे जाण्यास मोकळी. न लागल्यास भोंगा होतो, लाईन थांबते आणि सुपरवायझर धावत येतो. त्या दिवशी दुसऱ्या पाळीत, चहाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळाने, चौथा बोल्ट त्याच्या बोटांतून निसटून कन्व्हेयरखाली गेला. त्याने तिसऱ्याच बोल्टवर गन पुन्हा टेकवली. तो आधीच आवळलेला असल्यामुळे क्षणात टॉर्क आला आणि चौथा हिरवा दिवा लागला. धावत पुढे जाऊन राहिलेला बोल्ट लावून टाकू, असा त्याचा विचार होता. परंतु तोवर पुढची गाडी समोर येऊन ठेपली होती आणि तिच्या मागे आणखी एक. पाळी संपल्यावर त्याने वाकून तो बोल्ट उचलला. त्याला नऊ दिवस झाले होते.

मधल्या काळात त्याने पापनिवेदनही केले होते. हे त्यानेच आम्हांस सांगितले. "क्षमा मिळाली, काका. फादर म्हणाले, दुरुस्त करता येईल ते दुरुस्त कर. पण कोणती गाडी ते मला कुठे माहीत आहे? आणि सांगायला गेलो तर उद्या गेटवर कार्ड चालणार नाही."

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. पाऊस थांबला तरी आम्ही तेथेच बसून राहिलो. त्या दिवशी जे बोलणे झाले आणि जे नंतर मनात घोळत राहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरे ह्या पट्ट्यावर जगत आली आहेत. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठीच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, पुढे चाकणची माळराने कारखान्यांनी भरली. नगरहून, वसईहून, गोव्याहून, केरळहून आलेल्या माणसांनी येथे भाड्याच्या खोल्या घेतल्या, मुले वाढविली, चर्चेस बांधली. त्यांतील पुष्कळांच्या हयातीचे काम एका वाक्यात सांगता येईल: त्यांनी बोल्ट आवळले. ह्या कामात नीतीचा काही प्रश्न असतो, असे कोणाला सहसा वाटत नाही.

आधी त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. तीन बोल्ट पुरेसे असतात का? बहुधा असतात. आराखडा करणारा माणूस मूर्ख नसतो. एखादा बोल्ट कच्चा निघेल, एखादा ढिला पडेल, हे तो धरूनच चालतो आणि गरजेपेक्षा अधिक बळ ठेवतो. मात्र आवळलेला बोल्ट करतो काय, हेही समजून घ्यावयास हवे. पुष्कळांना वाटते की तो खुंटीसारखा दोन भाग अडकवून ठेवतो. वस्तुतः तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब पुरेसा असेल तोवर भाग घसरत नाहीत. दाब कमी पडला की धक्क्यांनी ते आडवे सरकू लागतात, आणि सरकता सरकता बोल्ट आपोआप उलटा फिरून सुटू लागतो. गेऱ्हार्ड युंकर ह्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. चाकण-तळेगाव रस्त्याने ज्याने दुचाकी चालविली आहे, त्याला धक्के म्हणजे काय हे सांगण्यासाठी जर्मन अभियंत्याची गरज नाही. चार बोल्टांचा भार तिघांवर आला म्हणजे आजच काही होते असे नाही. पण उरलेल्या तिघांचे आयुष्य कोणाला न कळता बदलते.

तेव्हा 'बहुधा' हेच उत्तर खरे आहे, आणि अडचणही नेमकी त्या शब्दात आहे.

इंग्लंडमधील एक घटना येथे सांगावीशी वाटते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान ८७ माणसांना घेऊन बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. सतरा हजार फुटांवर असताना कप्तानापुढील काच उडून गेली आणि हवेच्या झोताबरोबर कप्तान कमरेपर्यंत खिडकीबाहेर ओढला गेला. विमानातील सेवकांनी त्याचे पाय धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरविले. कप्तान वाचला, हे नवलच म्हणावयाचे. चौकशीत कळले की उड्डाणाच्या थोडेच आधी रात्रपाळीत ती काच बदलण्यात आली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने पाऊण मिलिमीटरहूनही कमी अंतराने बारीक होते. ज्याने ते बसविले तो अनुभवी आणि कष्टाळू माणूस होता. रात्री माणसे कमी, म्हणून त्याने ते काम स्वतःच्या अंगावर घेतले होते. नोंदवही न पाहता जुना बोल्ट हातात धरून त्याने नजरेने जुळणी केली.

ह्या चौकशीतील दोन बारकावे आम्हांस कधी विसरता आले नाहीत. एक असा, की भांडारातल्या माणसाने त्याला योग्य बोल्टचा क्रमांक सांगितला होता. पण एकदाच सांगितला, आग्रह धरला नाही. दुसरा असा, की नमुना म्हणून हातात धरलेले जुने बोल्टही मुळात चुकीचे होते. त्यांची लांबी कमी होती. पूर्वी कोणीतरी ते तसे बसविले होते आणि सुमारे चार वर्षे ती काच जागची हलली नव्हती.

म्हणजे त्याच खिडकीवर एकामागून एक दोन चुका झाल्या. पहिल्या चुकीला चार वर्षे कोणी विचारले नाही. दुसरीची चौकशी जगभर गाजली. पहिला माणूस दुसऱ्यापेक्षा अधिक सावध होता काय? तसे मानण्यास काही आधार नाही. त्याची लांबी कमी पडली, ह्याचा व्यास कमी पडला, एवढाच फरक. मग एकाचे मन स्वच्छ आणि दुसऱ्याचे जन्मभर डागाळलेले, हा न्याय कोठला? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल ह्या दोन तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न मांडला. नेगल ह्यांचे उदाहरण मालट्रक चालकाचे आहे. दोन चालक ब्रेक तपासून घेण्यात सारखीच हयगय करतात. एकाच्या वाटेत मूल धावत येते, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्याचे नावही आपल्याला कळत नाही. दोघांनी केले ते एकच, भेद केवळ दैवाने पाडला. कांटच्या मते नीतीचे मोल हेतूत असते, परिणामात नव्हे. ते खरे मानले तर दोघे सारखेच दोषी ठरतात. पण मुलाच्या आईला हे सांगण्यास आपल्यापैकी कोणाची जीभ वळेल?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून पडलेला नाही. १९८७ च्या मार्चमध्ये आम्ही पिंपरीच्या एका कारखान्यात मालट्रकांच्या जुळणीवर होतो. वर्षअखेर होती आणि आकडा पुरा करावयाचा होता. हवेच्या पान्याने नट बसवून झाले की मागून टॉर्क रेंच लावायचा, 'खट्' असा आवाज आला की नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, हे आमचे काम. त्या रात्री हात भरून आले होते. कमानपाट्यांच्या यू-बोल्टांना आम्ही रेंच न लावताच ठिपके देत गेलो. किती गाड्यांना? सहा असतील, सात असतील. आमच्या शेजारचा फिटर पाहत होता. तो हसला आणि त्याने तोंड फिरविले.

नंतर काय झाले? आमच्या कानांवर तरी काही आले नाही. त्या गाड्या पंजाबात गेल्या की तामिळनाडूत, कोण जाणे. पुढच्या वर्षी आम्हांस तपासनीस म्हणून बढती मिळाली, आणि कामात चोख असल्याबद्दल मिळाली. कित्येक वर्षे आम्ही स्वतःची समजूत घालत होतो की काही घडले नाही, त्या अर्थी काही केलेही नाही. ही पळवाट आहे, हे कळण्यास फार काळ गेला. 'काही घडले नाही' असे आम्ही म्हणतो, तेव्हा आम्ही फक्त आमच्या अज्ञानाचा दाखला देत असतो. विल्यम्स आणि नेगल ह्यांच्या कोड्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु एवढे मात्र वाटते की दैवाचा भाग बाजूला काढला तरी तळाशी काही उरते. तो पिवळा ठिपका हे एक विधान होते. वाचता न येणाऱ्या कोणा अनोळखी ड्रायव्हरलाही समजेल अशा भाषेत आम्ही लिहिले होते की, हे आम्ही पाहिले आहे. आणि आम्ही पाहिले नव्हते.

ह्या तरुणाचा हिरवा दिवा ठिपक्यापेक्षा वेगळा आहे का? येथे यंत्राविषयी थोडे बोलणे भाग आहे.

आमच्या वयाची माणसे यंत्रांना नावे ठेवण्यात धन्यता मानतात. पूर्वीचा कामगार हाताने ओळखत असे, असे म्हणतात. ओळखत असे, हे खरे. पाळीच्या पहिल्या तासाला एक ओळखत असे आणि आठव्या तासाला दुसरे. थकलेला हात कमी आवळतो आणि रागावलेला हात आटे घालवितो. अति तेथे माती ही म्हण कोणा फिटरने केली असावी, अशी आमची जुनी शंका आहे. आजच्या गनमध्ये हे होत नाही. दापोडीला जिचे भारतातील मुख्य ठाणे आहे, त्या ॲटलास कॉप्कोसारख्या कंपन्यांच्या गन प्रत्येक बोल्टचा टॉर्क आणि तो किती अंशांत फिरला ते मोजतात आणि गाडीच्या क्रमांकासह नोंदवून ठेवतात. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तर २०१० च्या सुमारापासून माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे यंत्रबाहू आले. त्यामुळे पाठीचे आणि मनगटाचे कष्ट वाचले. अशा यंत्रांनी किती जीव वाचविले असतील ते कोणाला मोजता येणार नाही, कारण न झालेले अपघात मोजता येत नाहीत.

पण यंत्र मोजते काय? ते टॉर्क मोजते, पकड मोजत नाही. बोल्ट पिळण्यास लावलेल्या शंभर भाग जोरापैकी सुमारे पन्नास भाग त्याच्या डोक्याखालील घर्षणात जातात आणि सुमारे चाळीस आट्यांतील घर्षणात. दाब निर्माण करण्यास उरतात ते दहाच. आट्यांना तेल लागले, गंज असला, वॉशर बदलला, की तोच टॉर्क निराळी पकड देतो. २५ ते ३० टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि हिरवा दिवा दोन्ही वेळा तसाच लागतो. म्हणून सुज्ञ अभियंते टॉर्कबरोबर कोनही पाहतात. आवळलेला बोल्ट पुन्हा आवळला तर तो जवळजवळ फिरतच नाही, आणि कोनावर मर्यादा घातलेली असली तर यंत्र लगेच तांबडा दिवा दाखविते. त्या तरुणाच्या जागेवर ती मर्यादा घातलेली नव्हती, हे उघड आहे.

माणूस फसवितो, मग यंत्राला ती फसवणूक ओळखावयास शिकवितात, मग माणूस नवी वाट काढतो. ह्या खेळाला अंत नाही. त्यात हळूहळू एक अदलाबदल घडते, ती आम्हांस अधिक गंभीर वाटते. 'बोल्ट आवळला का?' हा प्रश्न नाहीसा होतो आणि त्याच्या जागी 'दिवा लागला का?' हा प्रश्न येतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमांवर लिहिलेल्या परिपत्रकात तंत्रज्ञानाला माणसाचा मित्र म्हटले, आणि हा मित्र कधी वैऱ्यासारखा वागू लागतो हेही बजावले. यंत्र नोकरी घेईल ही भीती आपण नेहमी बोलून दाखवितो. आमच्या मते ते त्याहून बारीक असे काही नेते: आपण काय करीत आहोत हे पाहण्याची सवय.

परंतु येथे थांबलो तर सारा दोष त्या पोरावर पडेल, आणि तो अन्याय होईल. बोल्ट निसटला तर दोर ओढून लाईन थांबविण्याचा त्याला अधिकार होता, असे कागदावर असेल. प्रत्यक्षात लाईन थांबविणाऱ्या ठेकेदारी कामगाराचे नाव संध्याकाळपर्यंत फळ्यावर जाते. एका गाडीला किती सेकंद, हे ज्याने वातानुकूलित खोलीत बसून ठरविले, त्याचाही हात त्या गनवर आहे. कोनाची मर्यादा घातली तर लाईन वारंवार थांबेल म्हणून ज्याने ती घातली नाही, त्याचाही आहे. आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पापनिवेदनात हे आठवत असेल का, अशी शंका कधी कधी येते.

मात्र अनेक हात आहेत, म्हणून कोणाचाच हात नाही, असेही होऊन चालणार नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या बाजूचा, दाराच्या जागी बसविलेला एक भाग आकाशात निखळून पडला. १७७ माणसे आत होती, कोणी दगावले नाही. तो भाग जागी धरून ठेवणारे चार बोल्ट बसविलेच गेले नव्हते, असे चौकशीत निघाले. कारखान्यात दुसऱ्या एका दुरुस्तीसाठी तो भाग उघडला होता आणि उघडल्याची नोंदच कोणी केली नव्हती. तो कोणी उघडला आणि कोणी बंद केला, हे चौकशी करणाऱ्यांना शोधून काढता आले नाही. बर्मिंगहॅमच्या माणसाला निदान नाव होते आणि त्याने आपले काम कबूल केले. येथे कबूल करण्यास कोणी उरलेच नाही. दोन्हींपैकी अधिक भयानक काय, हे वाचकांनीच ठरवावे.

व्हरांड्यात बसून आम्ही त्या तरुणाला प्रथम आमच्या पिवळ्या ठिपक्यांची गोष्ट सांगितली. घरी सोडून इतरत्र ती आम्ही प्रथमच बोललो. मग त्याला विचारले, "वेळ आठवते का तुला?" आठवत होती, चहानंतरची, सव्वाचार ते साडेचार. तेव्हा आम्ही त्याला सांगितले की ज्या यंत्राला तू फसविलेस, तेच तुझी गाडी शोधून देऊ शकेल. मर्यादा घातलेली नसली तरी कोनाची नोंद बहुधा होत असते. त्या पंधरा मिनिटांत जो बोल्ट जवळजवळ न फिरताच 'ओके' झाला, त्याच्या शेजारी गाडीचा क्रमांक लिहिलेला असेल. आमच्या त्या सहा-सात ट्रकांना असा क्रमांक नव्हता. आम्हांस वाटले तरी ते शोधता आले नसते. तुला ती सोय आहे, पण त्यासाठी सांगावे लागेल.

"आणि काम गेले तर?" त्याने विचारले. घरी म्हातारी आई, बहिणीचे शिक्षण. काम जाणार नाही, असे खोटे आश्वासन आम्ही दिले नाही. आपल्या देशात सदोष गाड्या परत बोलावण्याची पद्धत वाहन उत्पादकांनी २०१२ मध्ये स्वेच्छेने स्वीकारली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातही तशी तरतूद झाली. गाडी परत बोलावता येते. मात्र चूक सांगणाऱ्या ठेकेदारी कामगाराला परत बोलावण्याची तरतूद कोठे नाही. चूक कबूल करणे ज्या जागी आत्मघातासारखे होते, तेथे खोट्याचे उत्पादन गाड्यांइतकेच नियमित होणार, हे व्यवस्थापनातील आमच्या ख्रिस्ती बांधवांनी तरी मनावर घ्यावे. एवढे सांगूनही आम्ही त्याला म्हणालो, "तरीही सांग." असे सांगण्याचा आम्हांस काय अधिकार होता, ह्याचा विचार आम्ही अजून करतो. आमचे निवृत्तिवेतन चालू आहे, गमावण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते.

सोमवारी त्याने सुपरवायझरला सांगितले. सुपरवायझर आधी ओरडला, मग त्याला घेऊन संगणकापाशी गेला. अर्ध्या तासात क्रमांक सापडला. गाडी विक्रेत्याकडे पोहोचली होती, अद्याप विकली गेली नव्हती. तेथील मेकॅनिकने बोल्ट बसविला, पाच मिनिटांचे काम. महिन्याभरात त्या जागेवरील यंत्राला कोनाची मर्यादा घालण्यात आली. पोराचा करार डिसेंबरात संपला तो पुढे वाढविला गेला नाही. कारण कोणी सांगितले नाही. त्याच वेळी आणखी अकरा जणांचेही करार संपले. सध्या तो भोसरीला एका लहान वर्कशॉपमध्ये आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. तेथे गन नाही, हातानेच आवळावे लागते. मागील आठवड्यात भेटला तेव्हा चांगला टॉर्क रेंच कोठे मिळेल, असे विचारत होता. वर्कशॉपमधला जुना रेंच चुकीचा दाखवितो असा त्याला संशय आहे, आणि मालक म्हणतो, चालतंय की.